बाजाराच्या दिवशी एक

मला भुताखेतांचं काही सांगू नका. मी बौद्धाच्या घरची लेक. माझ्या बापाने घरात ताईत येऊ दिला नाही की लिंबू-मिरची. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात बायका भर बाराच्या उन्हात लेकरू बाहेर काढायच्या नाहीत, काहीबाही लागतं म्हणून. माझा बाप मला नेमकं त्याच वेळेला हापशीवर पाण्याला धाडायचा. तेव्हा यंदाच्या मे महिन्यात, दुपारी शटर अर्धं खाली ओढलेलं असताना, आमच्या दवाखान्याच्या बाकावर जी पोरगी मला दिसायची तिला मी भूत म्हणणार नाही. पोरगी जिवंत होती. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात तिला सलाईन चालू होतं. तरी रोज दीडच्या सुमाराला ती माझ्यासमोर येऊन बसायची. तुम्हाला पटत नसेल तर नका पटवून घेऊ, माझं काही अडलेलं नाही.

मी बेबाबाई. जळगावात एका कातडीच्या डॉक्टरांकडे एकोणीस वर्षं औषधांच्या खिडकीवर बसते. आधी मोठे सर होते, आता त्यांच्या जागी प्रशील सर. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, पण मला अक्का म्हणतात, आणि पेशंटही त्यांचं ऐकून अक्काच म्हणतात. सर चिठ्ठी इंग्रजीत लिहितात. चिठ्ठी घेऊन माणूस बाहेर येतो आणि खिडकीत तोंड घालून विचारतो, "अक्का, काय लिहिलंय?" मी एकदा सांगते, दोनदा सांगते. तिसऱ्यांदा माझं तोंड सुटतं. तोंडाने मी फाटकी आहे, हे मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध म्हणजे आमच्या डोक्याला ताप. "आठ दिवसांनी एक" म्हटलं की माणसं आठ दिवस रोज एक घेऊन मोकळी होतात. एका म्हाताऱ्याने खाजेच्या गोळ्या तशा संपवल्या होत्या. तेव्हापासून मी एक युक्ती काढली. गावाकडचा पेशंट आला की विचारायचं, बाजार करता ना? मग बाजाराच्या दिवशी एक. आपल्याकडे माणूस एकवेळ लग्नाची तारीख विसरेल, पण गावचा आठवडी बाजार विसरणार नाही. सरांना ते इतकं आवडलं की डॉक्टरांच्या कुठल्याशा बैठकीत त्यांनी माझं नाव घेऊन सांगितलं. मी महिनाभर मान ताठ करून फिरत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

एप्रिलच्या दहा-बारा तारखेला भडगावहून पुनम आली. पंचविशीची असेल. कडेवर अडीच वर्षांची मयुरी. पोर डोक्यापासून पायापर्यंत रुमालात गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे. बाकावर बसवली तशी ती खाजवायला लागली. गुडघ्याची मागची बाजू, कोपराची घडी, मान, परत गुडघा. खर्र, खर्र, खर्र. त्या दिवशी वीसेक पेशंट होते, पंखा होता, बाहेर रिक्षांचा गोंधळ होता, तरी तो आवाज मला खिडकीच्या आत ऐकू येत होता. मी ओरडले, "अगं तिचे हात धर." पुनमने हात धरले, तर पोरीने मान खांद्यावर घासायला सुरुवात केली. नखांखाली रक्त होतं.

"सासू म्हणस खरूज शे," पुनम मला म्हणाली. "कोणी जवळ बसू देत नही."

"खरूज नाही, इसब आहे. ते लागट नसतं," मी सांगितलं. एकोणीस वर्षांत एवढं मलाही ओळखता यायला लागलंय.

सरांनी रक्त तपासायला लावलं. शरीरात डी व्हिटॅमिन पार तळाला गेलेलं. सर तिला म्हणाले, "आपल्याकडे एवढं ऊन, आणि हिला ऊन कसं नाही?" पुनम खाली बघत बोलली, "झाकी ठेवस, साहेब. लोके पाहतस." सरांनी तिला नीट समजावलं. इसब काही एका कारणाने होत नसतं. डी भरून काढलं तर काही मुलांना बरं वाटतं, काहींना फरक पडत नाही. ते भरून तर काढूच, पण मलम सोडायचं नाही, आंघोळ झाली की अंग ओलसर असताना तेल लावायचं, सकाळचं ऊन द्यायचं, नखं कापायची. आणि डीच्या छोट्या बाटल्या लिहून दिल्या. आठ. आठवड्यातून एक.

ती खिडकीपाशी आली. मागे रांग होती. मी बाटल्या पिशवीत घातल्या आणि विचारलं, "बाजार करता ना तुम्ही?"

"करतस ना, अक्का."

"मग बाजाराच्या दिवशी एक बाटली पाजायची. एकही बाजार चुकवायचा नाही. काय सांगितलं, म्हणून दाखव."

"बाजारना दिन एक," ती म्हणाली. "एक बी बाजार चुकाडानं नही."

मी खूश झाले. अशी ऐकणारी बाई दिवसात एखादीच भेटते.

त्यानंतर दहा दिवसांनी ती परत आली. दुपारचा दीड वाजला होता. सर जेवायला घरी गेले होते, मी शटर अर्धं ओढून डबा उघडला होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. ती वाकून शटरखालून आत आली, पोरीला बाकावर बसवलं आणि खिडकीशी उभी राहिली. दवाखान्यात आम्ही तिघीच होतो.

"आते खाजाडत नही, अक्का," ती म्हणाली. तिचं तोंड इतकं फुललं होतं की मी भाकरी खाली ठेवली. "रातभर झोपस. दिनभर बी झोपस. तुमना हातले गुण शे."

मी बाकाकडे बघितलं. मयुरी गप्प बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले. अंगावरचे लाल चट्टे तसेच होते, पण हात हलत नव्हते. आईच्या पिशवीतली पाण्याची बाटली तिने ओढली आणि घटाघटा अर्धी संपवली. ऊन आहे, मी मनात म्हटलं.

"बाटल्या संपन्यात," पुनम म्हणाली. "आजून आठ द्या."

मी केसपेपर ओढला. त्यावर तारीख होती. आजची तारीख भिंतीवर होती. मला दोन्ही दिसल्या. आठ बाटल्या म्हणजे दोन महिने, एवढा हिशोब मला येतो. मी तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "आमना गावमा मी बठ्ठासले सांगं, डाक्टरपेक्षा अक्का हुशार शे." आणि मी तोंड मिटलं. कशी विचारणार? विचारलं असतं तर माझी युक्ती फसली असं निघालं असतं. एखादी बाटली फुटली असेल, एखादी जावेच्या पोराला दिली असेल, बायका देतात. मी आठ बाटल्या काढून दिल्या आणि वर म्हटलं, "बघ, नीट ऐकलं की गुण येतो." पोरगी जाताना आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

मे लागला. एके दिवशी सकाळी धुळ्याहून सरांना फोन आला. सर बराच वेळ उभ्यानेच बोलत होते. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"ती भडगावची मुलगी, अक्का. मयुरी. धुळ्याला भरती केलीय. आई रोज बाटली पाजत होती म्हणे. रक्तातलं कॅल्शियम भलतंच चढलंय. ओकते, जेवत नाही, सारखं पाणी मागते, मान धरत नाही. खाजवणं थांबलं ते गुण येऊन नाही, हात उचलायची ताकदच नव्हती."

"काय बाया असतात," मी म्हणाले. हो, मी असंच म्हणाले. "सांगितलेलं कानात शिरत नाही."

"मीही तेच म्हणतोय. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलंय आठवड्यातून एक," सर म्हणाले. "सासूने तिथे गोंधळ घातलाय. आईला वॉर्डात येऊ देत नाहीत, पोरीला हात लावू देत नाहीत. आणि शिकलेली नाही म्हणावं तर तसंही नाही, नवरा-बायको दोघं धंदा करतात. मिरची-लसणाचा. रोज वेगळ्या गावचा बाजार."

माझ्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. ते कापायचं राहिलं. रोज वेगळ्या गावचा बाजार. मी तिला विचारलं होतं, बाजार करता ना? आणि ती म्हणाली होती, करतो. आपण बाजार करतो म्हणजे पिशवी घेऊन जातो. ती बाजार करते म्हणजे पाल ठोकून विकायला बसते. एकही चुकवायचा नाही, असं मीच तिच्याकडून वदवून घेतलं होतं.  मी सरांना काही बोलले नाही.

त्याच दुपारी ती पहिल्यांदा आली. मी डबा उघडला, मान वर केली, तर बाकावर मयुरी. हात मांडीवर, उताणे. मी उठले तर बाक रिकामा. बसले तर परत. ऊन शटरखालून बाकापर्यंत आलेलं असायचं आणि तिचे पाय त्या उन्हात, बाकी अंग सावलीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात ऊन पडलं होतं, आणि त्यात ती पोर बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी बाक भिंतीकडे फिरवून ठेवला. ती भिंतीकडे तोंड करून बसली. ते जास्त वाईट होतं. तिसऱ्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक लेकराकडे माझं लक्ष जायला लागलं, खाजवतंय ना, हात हलतोय ना. एखादं लेकरू नुसतं गप्प बसलं तरी मी त्याच्या आईवर खेकसायचे, याला उठव, याला चालव. बायका एकमेकींकडे बघायच्या. चौथ्या दुपारी मात्र माझा धीर सुटला. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्या रिकाम्या बाकाला म्हणाले, "खाजव गं माझे बाई. एकदा खाजव. रक्त निघालं तरी चालेल." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाकावर काही हललं नाही.

संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं, म्हणजे बाजाराचं सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले. मग हळू म्हणाले, "अक्का, चिठ्ठी बरोबर आहे. तुम्ही उगाच अंगावर घेऊ नका. लेकरू सुधारेल, ते महत्त्वाचं. तुम्ही तिथे गेलात तर ती माणसं तुम्हाला सोडणार नाहीत." माणूस वाईट नाही. माझ्याच भल्याचं बोलत होता. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून धुळ्याची एसटी धरली.

लहान मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या फरशीवर पुनम बसली होती. पाठ भिंतीला, गुडघे छातीशी. पाच दिवस ती तिथेच होती. दाराला जाळी होती, त्यातून तिसरी कॉट दिसायची. मयुरीच्या हाताला सलाईन, आणि उशाशी स्टुलावर तिची आजी, सुंदरबाई. दारात पुनमचा नवरा अमृत उभा, ना आत ना बाहेर.

पुनम मला बघून उठली आणि माझ्याआधी तीच बोलली. "मन्हं चुकनं, अक्का. तुम्हीन बराबर सांगं व्हई. मीच काहीतरी उलटं ऐकं."

 मी एवढी बोलकी बाई, जळगाव ते धुळे वाक्य घोकत आलेली, आणि ती माझ्यावरचं ओझं स्वतःच उचलून उभी होती. मला फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर संध्याकाळच्या गाडीने मी घरी असते.

सुंदरबाई दारापाशी आली होती. "ह्या बाईनी मन्ही नातले जहर पाजं," ती पुनमकडे बोट करून मला म्हणाली, कोण, कुठली हे न विचारता. पाच दिवस ती येईल त्याला हेच सांगत होती. "हिले घर नेवाव नही आते. माहेर धाडी देसू."

माझं तोंड सुटलं ते तिथे. "ओ मावशी, जहर हिने नाही पाजलं. औषधाच्या खिडकीवर मी बसते. मी हिला सांगितलं, बाजाराच्या दिवशी एक बाटली, एकही बाजार चुकवू नको. वर वदवून घेतलं हिच्याकडून. हिने जसं सांगितलं तसं केलं. आता तुम्ही सांगा, तुमचा बाजार कोणत्या वारी असतो?"

 अमृत बोलला. त्याने बोटं मोजली नाहीत, नुसता जमिनीकडे बघत म्हणाला, "आम्हले त रोजच बाजार शे. रविवार सोडीसन." मग थोड्या वेळाने, "रविवारले तिनी बाटली नही दिधी. मी म्हणं, आज काब्र नही देत? तं म्हणे, आज बाजार नही."

 आत एक नर्स कॉटवरची चादर बदलत होती. सुंदरबाईचा चेहरा मला बघवला नाही. ती माझ्या अंगावर येईल असं मला वाटत होतं, यावं असंही वाटत होतं. पण ती परत आत गेली, स्टुलावरची आपली पिशवी उचलली आणि स्टूल मोकळं केलं. पुनमकडे न बघता म्हणाली, "ये. बस तिनाजोडे."

पुनम आत गेली. स्टुलावर बसली नाही, कॉटच्या कडेला टेकली आणि पोरीच्या पायाला हात लावला. नर्सने मला सांगितलं की कॅल्शियम उतरतंय, जीव वाचला. किडनीत मात्र पांढरे ठिपके धरलेत, ते राहतात की जातात हे वर्ष-दोन वर्षं तपासत राहावं लागेल. सकाळी तिने पहिल्यांदा दोन घास भात खाल्ला होता. मी तिथेच दाराला धरून उभी राहिले. मोकळं वाटलं, हे मी लपवणार नाही. वाटलं, बोलले एकदाचं, सुटले.

मी निघाले तशी पुनम मागून बाहेर आली. जिन्यापाशी तिने मला गाठलं.  नीट माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अक्का, एक इचारू?"

"विचार."

"पहिले त मी चुकीनं ऐकं. तुम्हले काय म्हाईत आमना रोजना बाजार शे. पन मंग दहा दिनमा मी परत उनू. आठ बाटल्या संपाडीसन उनू. तुम्हीन तो कागद बी पाह्या." ती थांबली. "दुसऱ्या येळले आठ काब्र दिध्यात?"

खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं. का दिल्या, याचं माझ्याकडे उत्तर होतं. तू माझी स्तुती केलीस, मला गोड वाटलं, म्हणून दिल्या. एवढं एक वाक्य. सासूसमोर मी ताडताड बोलले होते, इथे ते वाक्य दातांच्या आतच राहिलं.

"गर्दी होती गं," मी म्हणाले. "गर्दीत लक्षात आलं नाही."

गर्दी नव्हती. दवाखान्यात आम्ही तिघीच होतो, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिने मला शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मी तिचे पाय धरले असते.

"हां," ती म्हणाली. "भलती गर्दी व्हती." आणि डोक्यावरचा पदर नीट करून ती पोरीकडे परत गेली.